भालेरावकाकांचा हिरवा झेंडा

आमच्या तारनाक्यातलं पोर घेऊन निघालेलं एकही विमान भालेरावकाकांनी हिरवा झेंडा दाखवल्याशिवाय बेगमपेट विमानतळावरून उडालेलं नाही. वैमानिकाला हे ठाऊक नसेल, पण म्हणून काही बिघडत नाही.

काका रेल्वेतले निवृत्त गार्ड. मूळचे परभणीकडचे, पण पस्तीस वर्षं हैदराबादेत काढल्यामुळे त्यांच्या मराठीत 'हौ' आणि 'नक्को' कायमचे मुक्कामाला आलेले. रेल्वेचे झेंडे निवृत्तीच्या दिवशी जमा करावे लागले, म्हणून हा नवा झेंडा काकूंच्या जुन्या हिरव्या लुगड्यातून शिवून घेतलेला. काठ तेवढा काढायचा राहिला आहे.

नव्वदीच्या त्या वर्षांत देश खुला झाला म्हणतात. आमच्या गल्लीपुरता तो पोरं बाहेर जाण्यासाठी खुला झाला. ज्याला त्याला कॉम्प्युटर शिकायचा होता आणि शिकला की अमेरिकेला जायचं होतं. व्हिसा मिळाला की काका ओट्यावरून ओरडायचे, "सिग्नल पडला!" आणि त्या घरात आपली प्रवासी मार्गदर्शिका घेऊन हजर व्हायचे.

ही मार्गदर्शिका म्हणजे काकांच्या हस्ताक्षरातले तेरा कागद. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने ते इतक्यांदा काढले होते की त्याला पाठ झाले होते. त्यातली काही कलमं मलाही पाठ आहेत.

'कलम तीन. विमानतळाच्या दाराशी आरक्षणाचा तक्ता लावत नाहीत. शोधत बसू नये. मी शोधला आहे.'

'कलम सात. सामान काउंटरवरच काढून घेतात. भांडू नये, पावती मागावी. साखळी-कुलूप नेल्यास ते घरी परत आणावे लागते.'

'कलम नऊ. सोबतच्या मंडळींना रडायचे असल्यास दरवाज्याच्या अलीकडे रडून घ्यावे. दरवाज्यात रडल्यास मागची रांग अडते.'

काका स्वतः कधीही विमानात बसलेले नव्हते. हे मी एकदा चारचौघांत काढलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "स्टेशनमास्तर काय रोज गाडीत बसतो का रे?"

पोरगं आत गेलं, की काका त्याच्या आईबापांना रिक्षात घालून धावपट्टीच्या टोकाला, भिंतीबाहेरच्या रस्त्यावर न्यायचे. विमान डोक्यावरून गेलं की हा माणूस ताठ उभा राहून झेंडा हलवायचा. एका रिक्षावाल्याने विचारलं, "चाचा, प्लेन को झंडी कायकू दिखा रैं?" काका म्हणाले, "गार्ड हूँ मियाँ. झंडी बिना गाडी कैसी जाती?" रिक्षावाल्यालाही ते पटलं.

मला मात्र त्या मार्गदर्शिकेचा शेवटचा कागद खटकायचा. वर ठळक अक्षरांत 'आगमन', आणि खाली काहीही नाही.

"काका, हे कधी लिहिणार?"

"येणाऱ्याला काय सांगायचं? टॅक्सीवाले धरतातच की." एवढं बोलून ते विषय बदलायचे.

खरं कारण एकदा काकूंनी सांगितलं. त्यांचा एकुलता मिलिंद चार वर्षांपूर्वी अमेरिकेला गेला, त्या दिवशी काकांची मनमाड पॅसेंजरवर ड्यूटी होती. बदली गार्ड मिळत होता. पण यांचा हट्ट, की माझी गाडी दुसरा कोण काढणार? मिलिंद विमानतळाच्या दारात शेवटपर्यंत मागे वळून बघत होता. तेवढं एकच विमान झेंड्याविना गेलं. "तवापासून हे लोकायच्या पोरायला झेंडा दाखवत फिरतेत," काकू म्हणाल्या. मी त्या दिवसापासून काकांची थट्टा जरा कमी केली. पूर्ण थांबवली असती, तर त्यांनाच संशय आला असता.

मिलिंदचा फोन आमच्याकडे यायचा, कारण गल्लीत फोन आमचाच. दर वर्षी तो म्हणायचा, यंदा नक्की येतो. दर वर्षी काका रिसीव्हर ठेवून म्हणायचे, "लाइन क्लियर नाही त्याची अजून," आणि चहा न घेताच घरी जायचे.

एका रविवारी फोनवर मिलिंदने मलाच सांगितलं, तिकीट काढलंय, गुरुवारी पोचतो. मी चप्पल न घालता पळत गेलो. काका ओट्यावर गहू निवडत होते.

"काका, सिग्नल पडला!"

त्यांनी ऐकलं. सूप खाली ठेवलं. आत जाऊन मार्गदर्शिका आणली आणि शेवटचा कागद उघडून पेन हातात धरलं. मग ज्या माणसाला बेगमपेटच्या कुठल्या नळाला पाणी येतं हेही माहीत होतं, त्याने मला अगदी हळू विचारलं, "अरे, येणारी माणसं कुठल्या दारातून बाहेर पडतात?"

मी दार सांगितलं, त्यांनी ते लिहून घेतलं.

बुधवारी त्यांच्याकडे शिलाईमशीनचा आवाज येत होता. गुरुवारी आम्ही तीन तास आधी पोचलो. काकांच्या पिशवीतून लाल कापड डोकावत होतं.

"काका, रंग चुकला तुमचा."

"नक्को शिकवू मला," काका म्हणाले. "थांबवायचं असलं की लालच लागतो."

मिलिंद ट्रॉली ढकलत दारात आला. काकू कठड्याशीच थांबल्या. काका मात्र कठड्याखालून वाकून आत घुसले, दोन्ही हातांनी लाल झेंडा वर धरला, आणि कलम नऊ लिहिणारा तो माणूस ऐन दरवाज्यात हमसून हमसून रडायला लागला.

मागची सगळी रांग अडली.