त्रिवेणीचा कोपरा

अडतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या शाळेचं एकही पुस्तक हरवलं नाही. हे मी पालममध्ये विचारणाऱ्याला सांगतो आणि न विचारणाऱ्यालाही सांगतो. त्यामुळे परभणीला विद्यापीठाच्या ग्रंथालयात बाहेरचा वाचक म्हणून कार्ड काढताना काउंटरवरच्या भक्तीताईंनी नियमांचा कागद पुढे केला, तेव्हा मी तो न वाचताच सही ठोकली. "ताई, हे नियम आम्ही पोरांना शिकवलेत," असंही वर ऐकवलं.

मला एकच पुस्तक हवं होतं. माझी बायको त्रिवेणी लग्नाआधी तिथं एक वर्ष शिकली. तेव्हा ती एका समुद्रप्रवासाचं पुस्तक वाचत होती. ते अर्ध्यावर आलं आणि आमचं लग्न ठरलं. जहाज वादळात आणि त्रिवेणी पालममध्ये! पुढं पंचेचाळीस वर्षं ती भाकरी थापता थापता मधूनच विचारायची, "अहो, ते जहाज लागलं असेल का हो किनाऱ्याला?" मी पोरांच्या वह्या तपासत म्हणायचो, "लागलं असेल. आणून देतो एकदा पुस्तक." परभणी एसटीनं दीड तासावर. पंचेचाळीस वर्षांत तो दीड तास मला मिळाला नाही. दोन वर्षांपूर्वी ती गेली, आणि आता वेळ इतका आहे की तो कुठं ठेवावा हे कळत नाही.

पुस्तक मागच्या कपाटात सापडलं. त्रिवेणीचं माहेर किराणा दुकानाचं. त्या घरातल्या मुली अक्षरांआधी पुडी बांधायला शिकायच्या. पुस्तकात खूणही ती तशीच करायची, कोपरा दुमडून त्याचं टोक पुन्हा आत खोचायची. आमच्या घरातलं पंचांगसुद्धा तिनं असं बांधून ठेवलेलं असायचं. मी पुस्तकाच्या कडेवरून अंगठा फिरवला. पन्नास वर्षांच्या वाचकांनी कोपरे मुडपून पुस्तकाचं पार फुलकोबी करून टाकलं होतं. पण एक कोपरा अंगठ्याला जाड लागला. पुडी! मी तिथंच पुस्तक मिटलं. पानाचा आकडाही पाहिला नाही. घरी तिच्या फोटोसमोर बसायचं, ती पुडी सोडायची आणि तिथून पुढं मोठ्यानं वाचायचं, असं ठरवलं होतं.

आता माझी खोड सांगतो. जूनमध्ये शाळा उघडली की आमच्या गल्लीतली पोरं पुस्तकं-वह्या घेऊन माझ्या ओसरीत येतात आणि मी सगळ्यांना खाकी कव्हरं घालून देतो. ग्रंथालयाचं पुस्तक घरी आणलं त्या दिवशीही ढीग पडला होता. म्हटलं, मास्तराच्या घरी आलेलं पुस्तक उघडं कसं राहील? त्यालाही खाकी कव्हर घातलं. खळ वाळायला सगळी थप्पी उन्हात ठेवली. संध्याकाळी पोरं आपापलं घेऊन गेली, उरलेलं एक मी फोटोजवळ ठेवलं.

आणि उघडलं नाही. रोज आंघोळ, लिंगपूजा झाली की समोर बसायचो. पण ते पुस्तक संपलं की तिचं माझ्याकडं काहीच मागणं उरणार नव्हतं. आज नको, सोमवारी. सोमवारी वाटायचं, पुढच्या सोमवारी. असे पंधरा दिवस गेले आणि मुदत संपली.

मुदत वाढवायला मी एसटीनं परभणीला गेलो. काउंटरवर विद्यार्थ्यांची रांग होती. मी मोठ्या झोकात पुस्तक ठेवलं आणि रांगेकडं वळून म्हणालो, "बघा रे, पुस्तक असं वापरतात." भक्तीताईंनी यंत्र फिरवलं. यंत्र गप्प. कव्हराखाली स्टिकर दडला असेल म्हणून त्यांनी पहिलं पान उघडलं आणि शांतपणे वाचलं, "कुमारी बबिता बिरू, इयत्ता चौथी, विषय गणित." खाली एक मेंढी काढलेली होती. पाच पायांची.

रांग हसून लोळायची बाकी राहिली. भक्तीताई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आजोबा, ते पुस्तक आता बाजारात मिळत नाही. ही एकच प्रत आहे. शुक्रवारपर्यंत आणा, नाहीतर कार्ड बंद करावं लागेल."

कार्डाचं मला काही नव्हतं. माझी पुडी मेंढरांत गेली होती!

आमच्या गल्लीतल्या बिरूनं, बबिताच्या बापानं, गावाबाहेर एका शेतात खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या. एसटीतून उतरलो तो तडक तिकडं निघालो. वाटेत नाही नाही ते दिसायला लागलं. एक मेंढी वादळ चघळतेय, दुसरी शिडासकट जहाज गिळतेय. पोचलो तेव्हा बिरूची आई कासाबाई चुलीपाशी बसली होती. दम लागलेला पाहून तिनं आधी पाणी दिलं, मग नातीला हाक मारली.

बबितानं कपड्यात गुंडाळलेलं पुस्तक आणलं. कुठं डाग नाही की चीर नाही. माझा जीव भांड्यात पडला.

"गनिताच्या तासाला दप्तरात हेच निघालं, गुरुजी. मला वाटलं, तुमीच वाचायला दिलं."

"बरं झालं, जपून ठेवलंस."

"लय घान केलं व्हतं कुनीतरी. सगळे कोपरे मुडपलेले. तुमीच म्हनता की, पुस्तकाचा कोपरा मुडपायचा न्हाई. मग मी एक एक सरळ केला. एकाला तर कुनी गाठच मारली व्हती जनू, लय येळ लागला सोडायला."

"आन वरून तांब्यात चुलीतले इंगळ घालून इस्त्री केलीय," कासाबाई कौतुकानं म्हणाली. "दोन सांजा बसली व्हती पोरगी."

मी कडेवरून अंगठा फिरवला. अगदी साफ, नव्या कोऱ्या वहीसारखी! अडतीस वर्षं जे शिकवलं, ते इतकं पक्कं शिकलेली विद्यार्थिनी मला पहिल्यांदाच भेटत होती. तिला काय बोलणार? मी म्हणालो, "शाबास."

मग विचारलं, "ती गाठ कितव्या पानावर होती गं?"

तिनं आठवून पाहिलं. "न्हाई ध्यानात, गुरुजी. मधीच कुठंतरी."

"आणि जहाज? लागलं का किनाऱ्याला?"

"अजून तितवर न्हाई गेले मी. समुद्रच सरंना."

आता पहिल्या पानापासून सुरू करण्याशिवाय इलाज नव्हता. मी तिथंच बाजेवर बसलो आणि मोठ्यानं वाचायला लागलो. बबिता शेजारी बसली. कासाबाईनं चूल बारीक केली, बिरूही मेंढ्या आत घेऊन येऊन बसला. उजेड सरेपर्यंत नऊ पानं झाली. जहाज अजून बंदरातच होतं. सामानच चढत होतं. मला मनातून फार बरं वाटलं. असंच चाललं तर त्रिवेणीच्या कोपऱ्याला पोचायला बरेच दिवस लागतील, भक्तीताईंकडं दोन-तीनदा मुदत वाढवावी लागेल.

पुस्तक मिटताना माझी बोटं आपोआप कोपऱ्यावर गेली. दुमडलं, टोक आत खोचायला गेलो. पंचेचाळीस वर्षं पाहूनही मला ती पुडी जमेना.

"गुरुजी," बबिता म्हणाली.

एवढंच. पण असं म्हणाली, की मी अडतीस वर्षं पोरांना ज्या आवाजात दटावलं, तोच आवाज!

मी मुकाट्यानं कोपरा सरळ केला आणि पानात ठेवायला तिच्याकडं लोकरीचा एक धागा मागितला.