माळेआडची स्थिती

कोणतीही गोष्ट चालू असण्यापेक्षा ती चालू असल्याची नोंद जास्त टिकते. गोष्ट बिघडते, तापते, तिला उंदीर कुरतडतात. नोंदीला फक्त एक फाइल लागते.

आमची कंपनी चाकणला मोटारींच्या दारांच्या कड्या बनवते. (दारं आणि मोटारी दुसरे लोक बनवतात. त्यांचं कौतुक दुसरीकडे होतं.) कंपनीच्या एका थंडगार खोलीत एक मोठा सर्व्हर आहे आणि त्याच्या पोटात आणखी चौदा सर्व्हर आहेत, असं मानायची पद्धत आहे. त्या चौदांना जोडणारी नऊ नेटवर्कंही मानलेलीच. त्यांना वायर नसते, त्यामुळे ती चालू आहेत का, हे हलवून बघता येत नाही. म्हणून भिंतीवर एक स्क्रीन लावलाय. त्यावर दोन रकाने आहेत. डावीकडे ‘ठरवलेली स्थिती’, म्हणजे नेटवर्कनं कसं असावं ते. उजवीकडे ‘आत्ताची स्थिती’, म्हणजे ते कसं आहे ते.

ही आत्ताची स्थिती दर तासाला रजिस्टरात उतरवली जाते. मग शिफ्ट इन्चार्ज, विभागप्रमुख अर्जुनराव आणि नोंदकक्षातला मी, अशा तीन सह्या होतात. (अर्जुनराव जेवायला गेले असतील तर आत्ताची स्थिती अडीच वाजेपर्यंत थांबते.)

खंडेनवमीला आम्ही सगळ्या यंत्रांची पूजा करतो. यंदाही सर्व्हर रीतसर बंद केला, त्याला हळदकुंकू वाहिलं, स्क्रीनला झेंडूची घसघशीत माळ घातली आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला. माळ नेमकी उजव्या रकान्यावर आली. ती काढायचा अधिकार कोणाचा, हे कुठल्याच परिपत्रकात नव्हतं. म्हणून माळ राहिली आणि नोंदी डाव्या रकान्यावरून होऊ लागल्या. निकाल डोळ्यांत भरण्यासारखा होता. दसऱ्याआधीच्या महिन्यात अकरा बिघाड, नंतरच्या पाच आठवड्यांत शून्य. अर्जुनरावांना ‘शून्य बिघाड’ ढाल मिळाली. मी टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून.

त्याच सुमाराला पॅकिंगमधल्या सुमनताई खोक्यांवरची लेबलं हातानं लिहू लागल्या, कारण प्रिंटरपर्यंत काही पोचतच नव्हतं. त्यांनी तक्रार केली. पण नोंदीप्रमाणे लेबलांचं नेटवर्क चालू होतं, त्यामुळे तक्रार निकाली निघाली. दिवसाला चारशे लेबलं. (अक्षर फार सुंदर. त्याचीही नोंद आहे.)

नोंदी लिहायचं काम पूनमकडे होतं. ती लातूरची, रावेतला भाड्यानं राहते. तिची सहा महिन्यांची उमेदवारी शुक्रवारी संपत होती. कायम झाल्याचं पत्र टाइप होऊन अर्जुनरावांच्या टेबलावर पडलं होतं, फक्त सही बाकी होती. ती सही झाली की आजीकडे ठेवलेल्या मुलीला आणून इथल्या शाळेत घालायचं, असं तिनं ठरवलं होतं.

त्याच शुक्रवारी गेटवरून कोंडाजींचा फोन आला. “मालाची गाडी माघारी आलीया. मोटारवाल्यांच्या नव्या मशिनला आपलं अक्षर वाचता येत न्हाई म्हनं.”

पूनम उठली आणि तिनं माळ बाजूला केली. पाच आठवड्यांच्या वाळक्या पाकळ्या फरशीवर पडल्या. उजव्या रकान्यात तीन ओळी लाल होत्या. पूजेनंतर सहा नेटवर्कं आपोआप उठली होती. उरलेली तीन हातानं सुरू करावी लागतात, आणि ती कुणी केली नव्हती.

अर्जुनराव मुळात वाईट माणूस नाहीत. ते जवळ येऊन हळूच म्हणाले, “पूनमताई, आज तुमचं पत्र निघायचंय. डावीकडचं लिवा. उजवीकडचं मागनं बघू.”

“सर, सुमनताईंचं बोट सुजलंय,” पूनम म्हणाली. “मला जे दिसायलंय तेच लिहिते.”

तिनं ‘तीन बंद’ असं लिहिलं आणि तिन्ही सुरू केली. सगळं मिळून चार मिनिटं लागली. पॅकिंगमध्ये प्रिंटर खडखडला. सुमनताईंनी पहिलं छापील लेबल हातात घेऊन नीट बघितलं आणि पेनाला टोपण लावलं.

चौकशी समिती बसली. समितीला असं आढळलं की, पाच आठवडे शंभर टक्के असलेली कामगिरी पूनमच्या एका नोंदीमुळे तासाभरात सदुसष्ट टक्क्यांवर घसरली. तिची उमेदवारी सहा महिन्यांनी वाढवण्यात आली. मुलगी लातूरलाच आहे. त्या निर्णयावर तिसरी सही माझी आहे. सही करताना मला फार वाईट वाटलं, पण त्यासाठी रजिस्टरात रकाना नाही. स्क्रीनला आता प्लास्टिकची माळ आहे. ती वाळत नाही.

हे वाचून तुम्हाला आमचा राग आला असेल, तर तो योग्यच आहे. मात्र आज सकाळी कुणीतरी “कसं चाललंय?” म्हणून विचारलं आणि तुम्ही “एकदम मस्त” म्हणालात, तेव्हा तुम्ही कुठला रकाना वाचून दाखवलात, हे मी विचारत नाही. पूनमची कायम जागा अजून रिकामी आहे. तुम्ही अर्ज करा. तुमची मुलाखत घ्यायची गरज पडणार नाही.