सहमालकांच्या सह्या

जिल्ह्यातल्या शिक्षकांना मुक्त संगणकप्रणालीची ओळख करून देण्याचा निर्णय झाला, तेव्हा त्याला कोणाचाही विरोध नव्हता. शहराचं नाव तेव्हा अजून बदललेलं नव्हतं, नळाला चौथ्या दिवशी पाणी येत होतं आणि जालना रोडवर दर महिन्याला एक नवी इमारत पोहण्याच्या तलावासह जाहीर होत होती. प्रशिक्षणाच्या पत्रात एकच सूचना ठळक अक्षरांत होती: 'प्रशिक्षणार्थींनी पिण्याचे पाणी सोबत आणावे.' संगणकाचं काय करावं, याबद्दल पत्रात काही नव्हतं.

आमच्या शाळेतून दोघं गेलो. मी, म्हणजे शिवशंकर, सहशिक्षक. आणि सुकेशनी मॅडम. मॅडम पुंडलिकनगरात राहतात. रोज करमाडपर्यंत बसनं आणि पुढं आत सहा किलोमीटर मिळेल त्या वाहनानं येतात, आणि तरीही वेळेवर येतात. गावातच राहून उशिरा येणाऱ्या आम्हा शिक्षकांचं त्यांच्याबद्दल फारसं चांगलं मत नव्हतं. त्या प्रशिक्षणाला शिकायला आल्या होत्या. मी हजेरीला आलो होतो.

शिकवायला सम्यक नावाचा एक तरुण इंजिनिअर होता. तो म्हणाला, "ही प्रणाली कोणीही वापरू शकतं. तिची प्रत काढा, दुसऱ्याला द्या, पटली नाही तर बदला. कोणालाही विचारायची गरज नाही."

कोणालाही विचारायची गरज नाही, हे वाक्य आम्ही नोकरीत पहिल्यांदाच ऐकत होतो. मागच्या रांगेतून फर्दापूरकडचे एक गुरुजी उठले. "सर, तुम्ही म्हंता ते पटतंय. फकस्त, कोनाला इचारायचं नाय, हे लेखी मिळंल का?"

सम्यक हसला. आम्ही कोणी हसलो नाही, कारण प्रश्न रास्त होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं एक कासव दाखवलं. पडद्यावर एक कासव असतं. त्याला 'पुढे शंभर' म्हटलं की ते रेघ ओढत पुढे जातं, 'उजवीकडे वळ' म्हटलं की वळतं. असं चारदा केलं की चौकोन तयार. सुकेशनी मॅडमनी ते सहा वेळा करून पाहिलं आणि सगळं पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं. मी जेवणाच्या रांगेत पुढं नंबर लावला.

आमच्या शाळेत सहा संगणक होते. कुठल्याशा निधीतून आलेले, मखमली झुली घातलेले, एका खोलीत कुलूपबंद. खोली वर्षातून एकदा, खंडेनवमीला उघडत असे. मुख्याध्यापक अंगद सर स्वतः प्रत्येकाला हळदकुंकू लावत, झेंडूचं फूल ठेवत आणि कुलूप पुन्हा दोनदा ओढून पाहत. सरांची नोकरी तीन वर्षं उरली होती. संगणक जसे आले तसे पुढच्याच्या ताब्यात द्यायचे, एवढी एकच त्यांची इच्छा होती, आणि वापरल्याशिवाय वस्तू बिघडत नाही हे त्यांना अनुभवानं माहीत होतं.

"मॅडम, माझी काहीच हरकत नाही," सर म्हणाले. "फक्त वरून परवानगी आणा."

परवानगीची घाई होती ती रूपामुळे. रूपा चौथीत. तिचे वडील कडुबा मेंढरं राखतात. त्या वर्षी शिवारात चारा नव्हता, तळं उघडं पडलं होतं, म्हणून कडुबा आणि रूपाची आई गोजरबाई महिनाअखेर मेंढरं घेऊन गोदाकाठाला निघणार होते, आणि रूपाही. परत कधी, हे पावसावर. मॅडमनी अंगणात खडूनं कासवाचा खेळ मांडला, तेव्हा रूपानं तो सगळ्यांत आधी उचलला. ती एकेका पोराला कासव करी आणि हुकूम सोडी. चौकोन झाला, मग तिनं षटकोन काढवला.

"बाई, खरं कासव असंच ऐकतं का?"

"तंतोतंत ऐकतं."

"मंग मेंढीपरीस शहाणं हाय. मला जायच्या आधी दाखवा. मी गेले की तिथं नुसती मेंढरंच."

मॅडमनी हो म्हटलं. सगळी अडचण तिथून सुरू झाली, कारण मॅडम हो म्हणाल्या की ते करतात.

तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात सखाराम भाऊसाहेब बसत. सज्जन माणूस. त्यांनी मॅडमना बसायला खुर्ची दिली, अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "प्रणालीच्या मालकाचं ना-हरकत कुठं हाय?"

"हिला मालक नाही, भाऊसाहेब. ही सगळ्यांची आहे."

"म्हंजी बेवारस?"

"सगळ्यांची."

"कागदावर 'सगळ्यांची' असा रकाना नाय, मॅडम."

भाऊसाहेबांसमोरच्या संगणकाच्या कोपऱ्यात अक्षरं उमटलेली होती: 'ही प्रत अस्सल नाही.' मॅडमनी बोट दाखवलं. "हे काय येतंय?"

"ते व्हय? ते रोजच येतं. त्याच्याकडं बघायचं नाय."

"मग याच्या मालकाचं ना-हरकत घेतलंय का?"

भाऊसाहेबांना वाईट वाटलं. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, ह्याला मालक हाय. मालक असला म्हंजी काळजी नसती. तुमच्या त्याला मालकच नाय. उद्या काय झालं तर धरायचं कोनाला?"

हा मुद्दा बिनतोड होता. शेवटी बेवारस वस्तूला लागू असलेला मार्ग स्वीकारण्यात आला. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली: 'जिल्हा परिषद शाळेत एक मुक्त प्रणाली प्राप्त झाली असून ती सर्वांची असल्याचे समजते. ज्यांचा हक्क असेल त्यांनी सात दिवसांत लेखी कळवावे.' नोटीस मीच लिहिली. माझं अक्षर चांगलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेपुढं रांग होती. सर्वांची वस्तू आणि सात दिवसांची मुदत, एवढ्यावरून गावानं योग्य तो निष्कर्ष काढला होता. आप्पा आधारकार्ड घेऊन आले होते. बानाबाईंनी दोन घागरी आणल्या होत्या.

"बाई, टँकर हाय का दुसरं काय?"

"टँकर नाही, बानाबाई. संगणकात घालायची गोष्ट आहे. पोरांच्या शिक्षणाची."

"आन् ती माझी बी हाय?"

"तुमचीही आहे."

बानाबाईंनी घागर खाली ठेवली. "इतक्या वर्सांत सरकारनं पहिल्यांदा कशाला तरी माझं म्हनलं. मंग वापरा की! मी कुठं नगं म्हंते?"

मॅडमच्या डोक्यात उजेड पडला तो तेव्हा. प्रणाली सगळ्यांची, तर सगळे मालक. सगळे मालक, तर सगळ्यांनी ना-हरकत द्यावं. त्यांनी टेबल अंगणात आणलं. पाणी मिळणार नाही हे कळूनही रांगेतला एकही माणूस हलला नाही, हे मला इथं नोंदवलंच पाहिजे. चार दिवसांत चारशे बारा सह्या आणि अंगठे झाले. कडुबानं अंगठा उठवला आणि लेकीकडं बघून म्हणाला, "आता तुझं कासव मोकळं झालं." मीही सही केली. माझी कशावर तरी मालकी असल्याचं मला तोवर माहीत नव्हतं.

भाऊसाहेबांनी सह्यांचा गठ्ठा मनापासून पाहिला. असं प्रकरण त्यांच्या कारकिर्दीत झालं नव्हतं. आठव्या दिवशी लेखी उत्तर आलं: 'प्रस्ताव तत्त्वतः योग्य आहे. तथापि सदर प्रणाली सर्वांची असल्याचे आपणच नमूद केले असून, आपल्या गावाबाहेरील सहमालकांच्या सह्या जोडलेल्या आढळल्या नाहीत. त्रुटीची पूर्तता करून प्रस्ताव फेरसादर करावा.' पत्र त्याच संगणकावर टाइप केलेलं होतं.

मॅडमनी पत्राची घडी घातली आणि त्या दिवशी प्रथमच शेवटचा तास घेतला नाही. मला वाईट वाटलं. त्यांच्या जागी मी असतो तर पहिल्याच दिवशी सोडून दिलं असतं आणि कोणाचंच वाईट झालं नसतं.

तरीही खोली उघडली. तिसाव्या तारखेला, म्हणजे कडुबाचा मेंढरांचा वाडा हलणार त्याच सकाळी, भाऊसाहेबांच्या शेजारच्या टेबलावरून तातडीचा निरोप आला. प्रशिक्षण होऊन महिना झाला. मुक्त प्रणाली वर्गात वापरली जात असल्याचा फोटो आज बारापर्यंत पाठवावा, न पाठवणाऱ्या शाळेच्या मुख्याध्यापकांना नोटीस निघेल. वापरायची परवानगी देणारं टेबल वेगळं आणि वापरल्याचा पुरावा मागणारं टेबल वेगळं. दोन्ही टेबलं आपापल्या जागी बरोबर होती.

नोटीस शब्द ऐकताच अंगद सरांनी किल्ली काढली. झुली उतरल्या. मॅडम धावत रस्त्यापर्यंत गेल्या आणि घोड्यावर बिऱ्हाड लादून निघालेल्या गोजरबाईकडून रूपाला मागून आणलं. पोरगी पायांवरची धूळ झटकून आत आली, खुर्चीवर बसली आणि दोन्ही हात कीबोर्डवर अलगद ठेवून वाट बघू लागली.

मॅडमनी बटणाकडं हात नेला.

"चालू नका करू!" अंगद सर ओरडले. "परवानगी कुठंय? फोटो फक्त वापराचा मागितलाय."

"सर, पाच मिनिटं. ती चाललीये."

"मॅडम, चालू केला आणि काही झालं तर कोणाला धरतील?"

मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या. मी दोन पावलं पुढं गेलो असतो तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. पण माझ्या हातात फोन होता. मी म्हणालो, "रूपा, हास."

"बाई, कासव कुठं हाय?" रूपानं विचारलं, आणि त्या क्षणी मी फोटो काढला. उत्सुक चेहरा, काळ्या पडद्यावर खिळलेले डोळे. फोटो उत्कृष्ट आला. बाहेरून कडुबानं हाक मारली, रूपा उठली आणि मेंढरांमागं निघून गेली.

फोटो बाराच्या आत गेला. संध्याकाळपर्यंत तो जिल्ह्याच्या ग्रुपवर होता, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात, आणि मग सगळीकडं: 'मेंढपाळाच्या लेकीची संगणकभरारी'. अंगद सरांचा सत्कार झाला. मलाही नारळ मिळाला. मॅडम त्या दिवशी रजेवर होत्या.

तो फोटो तुमच्याकडंही आला होता. आठवत असेल. तुम्ही डोळ्यांत पाणी आणून तो निदान तीन ग्रुपवर पाठवलात आणि खाली लिहिलंत, 'अभिमान वाटतो.' अजून फोनमध्ये असेल तर एकदा नीट बघा. पडदा काळा आहे, आणि संगणकाची वायर वेटोळं करून टेबलाच्या पायाला बांधलेली आहे. ती मला कॅमेऱ्यातून दिसत होती. तुम्हालाही दिसत होती.