शेपटीचा तोटा

लोक जनावरं डोक्यावरून मोजतात. आमच्या गडमुडशिंगीतली, अगदी माझ्या शेजारची सुमनकाकी आपली डुकरं शेपटीवरून मोजते. पांढऱ्या डुकरांची शेड तिनं नवरा गेल्यावर, पन्नाशी उलटल्यावर घातली. भावकीनं नाकं मुरडली. काकी म्हणाली, "तुमास्नी वास येतोय, मला भाव येतोय."

डुकरं एकमेकांच्या शेपट्या चावतात, हा तिचा कायमचा विषय. मी बँकेत कारकून. एकदा सहज बोलून गेलो, "एवढीशी शेपूट चावली तर काय बिघडलं, काकी?"

तिनं मला पायरीवर बसवलं. "बँकेत हाईस न्हवं? मग ऐक. एकानं चावली की रगत येतंय. त्या वासानं बाकीची चावत्यात. जखम पिकती, पू पाठीच्या कण्यापतोर जातोय. डॉक्टर आला, सुई आली. खातंय तेवढंच, पर अंगाला लागत न्हाय. शेवटी खाटीक सडकं काढून टाकतोय आन् उरल्यालं तोलतोय. शेपूट वीतभर, तोटा हातभर!"

"मग आधीच कापून टाकायच्या शेपट्या."

"हापिसात कट्टाळा आला की तू शेजारच्याला टोचून बोलतोस. म्हणून सायेब त्येचं कान कापतोय व्हय रं?"

काकीनं गर्दी कमी केली. डुकरांना चघळायला सुंबाचे दोर टांगले, नारळाची सोडणं टाकली, उसाच्या शेंड्याचं हिरवं वाडं दिलं. चावाचावी जवळजवळ थांबली.

यंदा उन्हाळ्यात मोटर जळाली, पाण्यावरून डुकरांची झोंबाझोंबी झाली आणि एकाची शेपूट गेलीच. काकीनं त्याला वेगळ्या खणात ठेवलं. गडहिंग्लजचा व्यापारी म्हणाला, "हे अर्ध्या भावात द्या."

"पावणं, अर्ध्या भावाचं आमच्याकडं काय न्हाय. वाट धरा."

जखम भरली, पण ते डुक्कर खाईना. डॉक्टरांनीही हात टेकले.

पुढच्या रविवारी दुपारी मी तिकडं गेलो. काकी त्या खणाला टेकून, पालथ्या बादलीवर बसून जेवत होती. आत डुक्कर मचामचा खात होतं.

"काकी, हितं का जेवतीस?"

"एकटं ठेवलं की खात न्हाय रं ते." तिनं भाकरी मोडली. घास हातातच राहिला. "तुजं काका गेल्यापास्नं माज्या तरी घशाखाली कुठं उतरत हुतं? आता दोघंबी जेवतोय बघ."

मग एकदम नेहमीच्या आवाजात ओरडली, "हुभा काय ऱ्हायलास? बस की! भाकरी हाय अजून."

मी जेवून आलो होतो. तरी बसलो.