चौथी प्रत

सबनीस सरांचा मला रोज सकाळी फोन येतो. "आहेस?" ते विचारतात. मी "आहे" म्हटलं की फोन बंद. हा फोन माझ्या तब्येतीच्या चौकशीसाठी नसतो, एवढं मला पहिल्याच आठवड्यात कळलं.

आमच्या कंपनीत लोकांचा डेटा कुठल्या यंत्रावर ठेवायचा, हे सर ठरवतात. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती करायच्या, पण एका छपराखाली दोन ठेवायच्या नाहीत. यंत्रं अधूनमधून "मी आहे" असं कळवत राहतात. एखादं गप्प झालं की त्याला मेलेलं धरायचं आणि त्याच्याकडची प्रत दुसरीकडे तयार करायची. इथवर ठीक आहे, त्याचाच आम्हाला पगार मिळतो. पण सरांनी हाच कारभार माणसांवरही सुरू केलाय.

त्यांच्या कसल्याशा फाइलच्या तीन प्रती तीन हार्ड डिस्कवर आहेत. एक चाकणला मेहुण्याकडे, एक पिंपरीत एका कापडवाल्या मित्राकडे आणि एक थेरगावात माझ्याकडे. पुनावळ्यात ते एकटेच राहतात, पण त्या घरी एकही नाही. आत काय आहे विचारलं, तर म्हणाले, "एकदा गेलीय. तिला दुसऱ्यांदा जाऊ द्यायची नाही." मी पुढे विचारलं नाही. माझ्या बायकोने ती डिस्कची डबी कपाटातून काढून माळ्यावर टाकली. कशालाही न जोडलेल्या त्या डबीतून कुणीतरी कुजबुजतं, असं तिचं म्हणणं. मी तिला हसलो खरा, पण माळ्यावरची बॅग काढायची असली की मीही आधी दिवा लावतो.

गेल्या महिन्यात आम्ही मावळात सासुरवाडीला गेलो होतो. तिथे रेंज नाही. परत आल्यावर ऑफिसात गेलो, तर सर मला बघून दचकले.

"तुला मेलेला धरला मी," ते म्हणाले. अगदी कामाच्या सुरात. माझ्या जागी त्यांनी भोसरीच्या आतेबहिणीकडे नवी प्रत ठेवलीसुद्धा होती. म्हणजे आता प्रती चार झाल्या, आणि जास्तीची पुसायची हा नियम.

रविवारी लॅपटॉप घेऊन ते आमच्याकडे आले. मी डबी काढून दिली. ऑफिसात ढिगाने फायली पुसणारा हा माणूस बटणावर बोट ठेवून नुसता बसून राहिला. समोरचा चहा गार झाला.

"एकदा ऐकतो," ते म्हणाले.

आधी भांड्यांचा आवाज आला. मग आतल्या खोलीतून यावा तसा बाईचा आवाज. "अहो, किसणी कुठे ठेवलीत?"

माझ्या बायकोने चटकन स्वयंपाकघराकडे वळून पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. हा सरांच्या वारलेल्या बायकोचा, वहिनींचा आवाज होता. त्यांच्या हातचं मी कितीदा जेवलो होतो.

"ओट्याखाली, डाव्या हाताला," सर हळूच म्हणाले आणि कान देऊन थांबले. रेकॉर्डिंग तिथेच संपत होतं.

"घरी ठेवली तर दिवसभर उत्तर देत बसेन रे," ते म्हणाले.

पुसायचं त्या दिवशी राहूनच गेलं. बायकोने न विचारता त्यांचं पान वाढलं.