स्पेन व्हाया पाली

स्पेनमधल्या खेड्यांना जे जमलं, ते आमच्या पालीत सहा महिन्यांत करून दाखवतो, असं मी बीडला चार लोकांसमोर सांगून बसलो होतो. थाप नव्हती ती. माझी सुकन्या तिकडे पर्यटनाचं शिकते. रिओहा नावाच्या भागात पोरं शहरात गेल्यामुळे ओस पडलेल्या गावांत आता लांबलांबचे लोक येतात, मळ्यात हिंडतात, वाइनची चव घेतात, शेतकऱ्याच्याच घरी मुक्काम करतात, हे तिनं मला फोनवर दाखवलं. धरणाखाली माझी दीड एकर काळी द्राक्षं. मी रोज फोन करून पोरीला छळायला लागलो. पाहुणे खातात काय? त्यांची अंथरुणं कोण घालतं? चव कशी घेतात?

ती म्हणाली, ग्लास उजेडात धरायचा, फिरवायचा, वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा आणि थुंकायचा.

"थुंकायचा?"

"अप्पा, दिवसात वीस वाइन चाखल्यावर सरळ चालता यायला पाहिजे ना."

मला त्या लोकांबद्दल फार आदर वाटला.

वाइनला परवाना लागतो, म्हणून मी नुसत्या रसावर भागवायचं ठरवलं. तेवढ्यात सुकन्याचा निरोप आला. तिच्या प्राध्यापिका पिलार मॅडम वेरूळ बघायला येणार होत्या, रविवारी चारला आपल्या मळ्यात येतील. तिचा प्रबंध त्यांच्याच हातात होता.

रविवारी दोनला मी रंगीत तालीम ठेवली. मळ्यातल्या तीन जागच्या द्राक्षांचा रस घरातल्या तीन स्टीलच्या जगांत काढला. उंच ग्लास, थुंकायला बादली. सोबत शेजारचा अजिनाथ आणि मेंढरं वळणारा म्हाळू. अजिनाथनं डोळे मिटून इतका खोल वास घेतला की रस नाकात गेला. म्हाळू काही थुंकेना. "थुकायचंच तर तोंडात घेतलं कावून?" म्हणत त्यानं सहावा ग्लास पोटात घातला.

आम्ही गुळण्या करत असताना बांधावरून छबुबाई गेल्या. छबुबाई म्हणजे गावच्या दारूबंदी समितीच्या अध्यक्ष. पाव तासात त्या पंधरा बायका घेऊन हजर झाल्या. त्यांत सगळ्यात पुढं माझी बायको तुळजाबाई.

मी सांगितलं, रस आहे. अजिनाथनं लाल डोळ्यांनी, शिंकत दुजोरा दिला, त्याचा उपयोग झाला नाही. म्हाळू आंबट रसानं पोट धरून वाकडा बसला होता.

"शिवशंकर, गिलास खाली ठिव," छबुबाई मला म्हणाल्या. "पोलिसाला फोन लावू, का आदी वास घिऊ?"

मला डोळ्यांपुढं फाटकात एका बाजूनं हवालदार आणि दुसऱ्या बाजूनं मॅडम दिसायला लागल्या. आधी वास घ्या, म्हणालो, आणि कसा घ्यायचा तेही दाखवलं.

छबुबाईंनी ग्लास फिरवला, वास घेतला, घोट घोळवला, अचूक बादलीत टाकला. "ह्यो पाटाजवळच्या येलीचा. पानी लई झालंय."

खरं होतं. दुसरा त्यांनी चढावरचा ओळखला. तिसऱ्याला म्हणाल्या, "ह्या जगात आदी ताक व्हतं." तुळजाबाई दुसरीकडे बघायला लागली.

मग सगळ्याच बायकांना ग्लास पाहिजे झाला. चवीवरून वाद पेटले. मी मधे बोलायला गेलो, तर छबुबाई म्हणाल्या, गडीमाणसांना तंबाखूचा वास येतो, रसाचा वास मरतो, तुमी लांब थांबा. म्हाळू मेंढरांकडे गेला, अजिनाथ घरी. मी फाटकाशी उभा राहिलो.

मॅडमची गाडी अर्धा तास आधीच आली. मी फाटक उघडलं, हात जोडले. त्या मान लववून थेट बायकांत गेल्या. भाषा एकीलाही दुसरीची येत नव्हती. छबुबाईंनी ग्लास दिला, मॅडमनी फिरवला, दोघी एकदमच थुंकल्या आणि हसल्या. मग मॅडम वहीत लिहीत बसल्या. भाकरी-ठेचा झाला, तुळजाबाईनं ओटी भरली. दिवस मावळताना मी फाटक लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सुकन्याचा फोन आला. मॅडम भलत्याच खूश होत्या. पुढच्या महिन्यात बारा विद्यार्थी पाठवणार होत्या, आणि त्यांना चव छबुबाईंनीच शिकवायची होती.

मी विचारलं, "माझ्याबद्दल काय म्हणाल्या?"

ती म्हणाली, "अप्पा, त्यांना तुम्ही वॉचमन वाटलात."

"मग तू सांगितलं न्हाईस?"

"सांगणार होते. पण त्या म्हणाल्या, माणूस फार अदबशीर आहे, पुढच्या वेळीही हाच ठेवा."

ठेवलाय. बारा जण यायचेत म्हणून सध्या तो फाटकाच्या बिजागऱ्यांना तेल घालतोय.