चिठ्ठीसाहेबांचं बाथरूम

खरं तर नुसतं बाथरूम दुरुस्त करायचं ठरलं होतं. घरोघरी होतं ते, थोडी वादावादी होते आणि उरकूनही जातं. पण चिठ्ठीसाहेब पडले बांधकाम कंपनीतले कारकून. (हे नाव त्यांना पुढे पडलं, आपण आतापासूनच वापरू.) कंपनीनं त्यांना नुकतंच एका शिबिराला पाठवलं होतं, कारण इंजिनिअरला जायचा कंटाळा आला होता. तिथून ते नवी पद्धत शिकून आले. कामावरच्या सगळ्यांनी आधी एकत्र बसायचं, शेवटापासून उलटं मागे येत काम ठरवायचं, आणि ज्यानं त्यानं आपल्या कामाची चिठ्ठी आपल्या हातानं लिहून भिंतीला चिकटवायची. ज्याची चिठ्ठी, त्यानंच ती काढायची. ऑफिसात हे कुणी ऐकून घेईना. मग उरलं घर.

आणि घरात कारण होतं आईचं. मांडीचं हाड मोडल्यापासून ती साहेबांच्या ताईकडे होती. आता वॉकर धरून चालायला लागली होती. तिनं फोनवर सांगितलं, "येईन मी घरी. पण बाथरूममध्ये माझी मी जाईन. लेकानं धरून न्यायचं, ही वेळ माझ्यावर आणू नकोस रे." एरवी सगळ्यांना दटावणारी बाई, आणि आवाज असा विनवणीचा. साहेबांनी शब्द दिला. फोन ठेवल्यावर मात्र त्यांना भरून आलं.

प्लंबर, फरशीवाला आणि सुतार येऊन हॉलमध्ये उभे राहिले.

"कुठून फोडायला घेऊ?" फरशीवाल्यानं विचारलं.

"फोडायचं नाही. आधी संपवायचं. बसा."

सुतारानं हळूच साहेबांच्या बायकोकडे बघितलं. "वहिनी, साहेबांची तब्येत बरी आहे ना?"

"शिबिराहून आल्यापासून असंच चाललंय," ती म्हणाली.

पण नवल म्हणजे पद्धत लागू पडली! एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे हे तिघे चिठ्ठ्या चिकटवता चिकटवता सख्ख्या भावांसारखे वागायला लागले.

"पाइप दाराच्या कडेनं नेतो. तुझी फरशी फोडायला नको," प्लंबर म्हणाला.

"ने की. मी उंबरा जरा उंच घेतो, सुताराच्या चौकटीला पाणी लागायला नको."

सुतार गहिवरला. "मग मी जुनी चौकट उपटतच नाही. नवी तिच्या आतून बसवतो. तुझ्या फरशीला धक्का नको."

साहेब प्रत्येक समजूतदारपणाला टाळ्या वाजवत होते. शिवाय त्यांनी भिंतीवर सायकलची घंटा ठोकली होती. चूक दिसली की कुणीही ती वाजवायची, काम थांबवून सगळ्यांनी जमायचं आणि पाचदा 'का' विचारायचं, म्हणजे चुकीच्या मुळाशी पोचता येतं. ती घंटा कुणी वाजवलीच नाही. नाही म्हणायला एकदा बायकोनं वाजवली.

"यात आईंची चिठ्ठी कुठाय?"

"आई काय फरशी बसवणार आहे?"

"बरं," असं म्हणून ती आत गेली. (बायकोचं हे 'बरं' ज्याला कळत नाही, त्या नवऱ्याचं कठीण असतं.)

काम वेळेआधी झालं. बाथरूम असं चकाचक की तिघंही आई येईपर्यंत मुद्दाम थांबले. ताईनं तिला आणून सोडलं. वॉकर टेकत टेकत आई दारापर्यंत गेली आणि वॉकर चौकटीत अडकला. तिनं तो तिरका करून बघितला. मग सोडून दिला आणि नुसतंच पाऊल उचलायला गेली, तर ते उंबऱ्याच्या वर चढेना.

"आई, मी धरतो," साहेब पुढे झाले.

"हात लावू नकोस." साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकच तर गोष्ट मागितली होती तिनं.

आईनं पदरानं तोंड पुसलं. "ही घंटा कसली?"

सुतारानं तिला नियम सांगितला, साहेबांनी सांगितला होता तस्साच. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि घंटा वाजवली.

"वॉकर आत का जात नाही?"

"दार अरुंद झालं, आजी," सुतार म्हणाला.

"का झालं?"

"नवी चौकट जुनीच्या आत बसवली."

"ती का?"

"फरशीला धक्का नको म्हणून. आम्ही एकमेकांचा फार विचार केला हो."

"माझ्या वॉकरचा का नाही केला?"

"तो केवढा आहे, ते ठाऊकच नव्हतं."

"का नव्हतं?"

तिघांनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी जमिनीकडे बघितलं. "मी तुला विचारलंच नाही, आई."

पाच 'का' पुरे झाले होते.

सुतारानं मुकाट्यानं हातोडा काढला. फरशीवाला उंबऱ्यापाशी बसला आणि प्लंबर पाणी बंद करायला गेला. "होईपर्यंत आईंना धरायला मी आहे," बायको म्हणाली, आणि तिनं सासूबाईंच्या हातात कोरी चिठ्ठी आणि पेन ठेवलं. आईनं खुर्चीत बसून सावकाश लिहिलं आणि उठून चिठ्ठी सगळ्यांच्या मधोमध चिकटवली.

'काम होईपर्यंत लेकानं ताईकडे राहावं.'

साहेब ती काढायला गेले, तर तिघंही एका सुरात म्हणाले, "ज्याची चिठ्ठी, त्यानंच काढायची, साहेब!"

संध्याकाळी चिठ्ठीसाहेब पिशवी घेऊन निघाले. आई वॉकर टेकत दारापर्यंत आली. आता ती हसत होती.

"जपून जा रे. आणि तिकडे काही दुरुस्त करायला जाऊ नकोस."